क्लाउडने फेकलं की सेफिरोथने उडी घेतली? ‘लास्ट ऑर्डर’वर चर्चा

तळघराची किल्ली (धागाकर्ता)

रहस्यभेद होणार आहे. फायनल फँटसी सात पूर्ण खेळला नसेल तर इथेच थांबा आणि आधी खेळा.

‘लास्ट ऑर्डर’ने या खेळातलं सगळ्यांत महत्त्वाचं दृश्य मोडलं, आणि त्याकडे किरकोळ बदल म्हणून बघता येणार नाही, असं माझं ठाम मत आहे. हा अॅनिमेशनपट बहुतेकांनी पाहिलेला नसेल, म्हणून थोडी पार्श्वभूमी देतो.

मूळ खेळ स्क्वेअर कंपनीचा. ३१ जानेवारी १९९७ ला जपानमध्ये प्लेस्टेशनवर तीन सीडींत आला. दिग्दर्शक योशिनोरी कितासे, पात्रं रेखाटली तेत्सुया नोमुरा यांनी, कथेत काझुशिगे नोजिमांचा मोठा वाटा. काही वर्षांनी कंपनी त्या जगात परत गेली आणि १४ सप्टेंबर २००५ ला ‘अॅडव्हेंट चिल्ड्रन’ हा संगणकावर तयार केलेला पूर्ण लांबीचा चित्रपट निघाला. त्याच्या महागड्या संग्राहक-पेटीत ‘लास्ट ऑर्डर’ होता. पंचवीसेक मिनिटांचा, हाताने रेखाटलेल्या शैलीतला, मॅडहाउस स्टुडिओचा आणि मोरिओ असाका यांनी दिग्दर्शित केलेला. अमेरिकेत २००७ मध्ये पोचला तोही पेटीतूनच. त्यामुळे खेळ पाठ असलेल्या लोकांनाही याचं नाव ठाऊक नसतं.

यात दोन घटना आळीपाळीने येतात. पहिली निबेलहाइमची, म्हणजे खेळाचा नायक क्लाउड याच्या गावची. शिनरा कंपनीचा सर्वश्रेष्ठ योद्धा सेफिरोथ स्वतःच्या जन्माबद्दल तळघरातल्या ग्रंथालयात वाचत बसतो, त्याचं डोकं फिरतं, तो गाव पेटवतो आणि ग्रहातून माको नावाची ऊर्जा उपसणाऱ्या, डोंगरातल्या अणुभट्टीसारख्या त्या रिअॅक्टरमध्ये ‘आई’ला, म्हणजे जेनोव्हा या परग्रहावरून आलेल्या जीवाला, भेटायला जातो. दुसरी घटना काही वर्षांनंतरची: शिनराचा शास्त्रज्ञ होजो याच्या प्रयोगांतून सुटलेला झॅक, सोल्जर या शिनराच्या खास दलातला योद्धा, माकोच्या विषबाधेने भान हरपलेल्या क्लाउडला ओढत मिडगार शहराकडे निघालेला.

आता मुद्दा. मूळ खेळात रिअॅक्टरमध्ये क्लाउडची बालमैत्रीण टिफा जखमी पडलेली असते, झॅक हरलेला असतो, आणि उरतो हेल्मेट घातलेला एक साधा शिपाई. तो क्लाउड. सेफिरोथची लांबलचक तलवार त्याच्या शरीरात आरपार घुसते. तो तीच तलवार धरतो, स्वतःला पुढे ओढतो, सेफिरोथला उचलतो आणि खाली फेकून देतो. ‘लास्ट ऑर्डर’मध्ये क्लाउड लढतो खरा, पण शेवटी सेफिरोथ स्वतःच्या मर्जीने खाली जातो.

क्लाउडकडे या कथेत स्वतःचं असं काय आहे ते बघा. सोल्जर दलात त्याची निवड झाली नाही. गावात परत आला तो तोंड लपवून, कारण टिफाला दिलेला शब्द पाळता आला नव्हता. पुढे जी शौर्यकथा तो स्वतःची म्हणून सांगतो ती झॅकची निघते. तलवार झॅकची, ऐटही झॅकचीच. हे सगळं गळून पडल्यावर एकच गोष्ट खरोखर त्याची उरते: त्या रात्री त्या जागी, हुद्दा नसताना, त्याने सेफिरोथला हरवलं होतं. पंचवीस मिनिटांच्या एका पूरक चित्रपटाने तेवढीच गोष्ट त्याच्या हातून काढून घेतली.

बाकी चित्रपट सुंदर आहे. म्हणून तर त्रास जास्त होतो.

निळी पणती

मी पूर्ण विरुद्ध बाजूला आहे, आणि माझा आधार मूळ खेळच आहे.

निबेलहाइमची रात्र खेळात कितीदा दिसते? पहिल्यांदा काल्म गावातल्या खाणावळीत, क्लाउड सोबत्यांना सांगतो तेव्हा. त्यात तो स्वतःच सोल्जर आहे आणि झॅकचा पत्ताच नाही. दुसऱ्यांदा उत्तरेच्या विवरात, सेफिरोथ दाखवतो तेव्हा. त्यात क्लाउडच्या जागी झॅक आहे आणि क्लाउड कुठेच नाही. तिसऱ्यांदा मिडील गावात, क्लाउड आणि टिफा लाइफस्ट्रीममध्ये, म्हणजे ग्रहाच्या आतल्या जीवनप्रवाहात, पडतात तेव्हा. म्हणजे एकच रात्र तीन वेळा सांगितली आणि तिन्ही वेळा वेगळी. हा खेळ उभाच आहे आठवणीवर विश्वास ठेवता येत नाही या गोष्टीवर. मग चौथ्या कुणी सांगितल्यावर आपण एकदम न्यायालय का भरवायचं?

आणि तो क्षण पाहिला कुणी? टिफा जखमी होऊन पडली होती. झॅकही पडलेला. त्या कठड्यापाशी शुद्धीत होते दोघेच, क्लाउड आणि सेफिरोथ. खेळातली आवृत्ती क्लाउडच्या आठवणीतली आहे. मला ‘लास्ट ऑर्डर’ बाहेरच्या नजरेतून सांगितलेली गोष्ट वाटते. त्यात त्सेंग आणि त्याचे टर्क्स, म्हणजे शिनराचे गुप्त हस्तक, आहेत, मागाहून गाव सावरणारे आणि पुरावे मिटवणारे शिनराचे लोक आहेत. शिनराने त्या रात्रीचं काय चित्र रंगवलं असेल? त्यांचा सर्वोत्तम योद्धा एका पहारेकऱ्याकडून हरला, हे त्यांनी मानलं असतं?

तळघराची किल्ली

वाचन छान आहे, पण चित्रपटात त्याला आधार दाखवा. कुठल्या चौकटीत असं सुचवलंय की ही शिनराची आवृत्ती आहे? त्सेंग त्या कठड्यापाशी नव्हता. कॅमेरा मात्र तिथे आहे. आपण क्लाउडच्या चेहऱ्याजवळ आहोत, सेफिरोथच्या चेहऱ्याजवळ आहोत. बाहेरच्याची नजर दाखवायची असती तर असाकांसारख्या दिग्दर्शकाला ते अवघड नव्हतं.

आणि ‘क्लाउडचीच आठवण’ म्हणून ती संशयास्पद ठरवलीत तर मिडीलचा अख्खा प्रसंग ढासळतो. तिथे क्लाउड स्वतःला बरं वाटेल असं काही रचत नाहीये. उलट जे लपवलं होतं ते सगळं कबूल करतो: मी सोल्जर नव्हतो, मी हेल्मेटमागे होतो, मला लाज वाटत होती. इतकं पदरात घेणारा माणूस नेमकी एकच बढाई खोटी मारेल? टिफा तिथे आहे, लहानपणापासूनच्या तपशिलांशी ताडून बघते आहे. खेळाने पहिल्या दोन आवृत्त्या फसव्या ठेवल्या त्या तिसरी खरी ठरावी म्हणूनच. तीन आवृत्त्या आहेत म्हणून चौथी कशीही चालेल, हा तर्क मला पटत नाही.

घाटमाथा

धागाकर्त्याशी सहमत, पण माझी तक्रार निराळी आहे. मला उडीपेक्षा क्रम जास्त खटकतो.

१९९७ च्या खेळात झॅक किती उशिरा येतो ते आठवा. तासन् तास त्याचं अस्तित्वच झाकलेलं असतं. क्लाउडची सोबतीण एरिथ तिच्या पहिल्या प्रियकराचं नाव घेते, गोंगागा गावात त्याचे आईबाप भेटतात, टिफा त्याचा विषय निघाला की गप्प होते. आपण दुवे जोडत बसतो. आणि तो कसा मेला हे सांगणारं दृश्य तर मुख्य वाटेवर नाहीच! क्लाउड परत आल्यावर आपण होऊन निबेलहाइमच्या शिनरा वाड्यातल्या तळघरात गेलो तरच ते दिसतं. कित्येकांनी खेळ संपवला आणि ते पाहिलंच नाही. जपानच्या पहिल्या आवृत्तीत तर ते दृश्य नव्हतं. बाहेरच्या देशांसाठी खेळ निघाला तेव्हा ते घातलं आणि मग जपानच्या ‘इंटरनॅशनल’ आवृत्तीत आलं.

इतकं दडवून ठेवलेलं ‘लास्ट ऑर्डर’ पहिल्या काही मिनिटांत समोर मांडतो. ज्याने खेळ खेळला आहे त्याला नवं काही कळत नाही, आणि ज्याने खेळला नाही त्याच्यासाठी खेळातलं सगळ्यांत मोठं गुपित फुटतं. मग हा चित्रपट कुणासाठी आहे?

रेघोट्या

कुणासाठी आहे ते सांगते. माझ्यासारख्यांसाठी.

मी अॅनिमेशनमध्ये काम करते, द्विमितीय रेखाटनाचं. इथे आत्तापर्यंत सगळी चर्चा कथेच्या खरेखोटेपणावर चालली आहे आणि चित्रांबद्दल कुणी ओळही लिहिलेली नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मूळ खेळातली माणसं आठवा. मागे रंगवलेली देखणी दृश्यं आणि त्यांच्यावर चालणाऱ्या ठोकळ्यांच्या बाहुल्या. हाताला बोटं नाहीत, चेहऱ्यावर तोंड नाही. भावना दाखवायची तर मान खाली, खांदे वर, एवढ्यावर भागवायचं. त्या तंत्राने जे साधलं ते थोर आहे, मी ते नाकारत नाही. पण झॅक आणि क्लाउड यांच्यातलं नातं त्या बाहुल्यांत जेमतेम काही मिनिटांचं आहे. ‘अॅडव्हेंट चिल्ड्रन’ने दुसरं टोक गाठलं: चामड्याचा पोत, केसांची हालचाल, हवेत चालणाऱ्या मारामाऱ्या. डोळे दिपतात. पण चेहरे मला थंड वाटतात.

‘लास्ट ऑर्डर’ या दोन्हींच्या मधला आहे. असाका हे मारामारीचे दिग्दर्शक नव्हेत. ‘कार्डकॅप्टर साकुरा’ मालिका त्यांची, पुढे ‘नाना’ आणि ‘चिहायाफुरु’ही त्यांचीच. माणसं एकमेकांकडे बघतात, बोलायचं थांबतात, नजर चुकवतात, तिथे त्यांचा हात बसलेला आहे. म्हणून या चित्रपटातला सर्वांत चांगला भाग रिअॅक्टरमध्ये नाहीच. झॅक क्लाउडशी बोलतो तो आहे. समोरच्याकडून काही उत्तर येत नाही. क्लाउडचे डोळे उघडे आहेत आणि त्यात कुणी नाही. झॅक बोलत राहतो, मिडगारला गेल्यावर पोटापाण्याचं काय करायचं याचे बेत सांगतो, आणि दोघांच्या वाट्याचं एकटाच हसतो. क्लाउडची मान कलंडते, झॅक ती सावरतो. या एवढ्याशा हालचालीला किती रेखाटनं लागतात आणि त्यातलं वजन चुकलं तर बेशुद्ध माणूस लगेच खेळण्यासारखा कसा दिसायला लागतो, हे आमच्या धंद्यातल्यांना विचारा. इथे तो कुठेही खेळण्यासारखा दिसत नाही. निर्जीव भासणाऱ्या शरीराचं वजन दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणं ही रेखाटनातली फार अवघड गोष्ट आहे.

केनइची सुझुमुरांचा आवाजही तसाच. उत्साह खरा आहे, पण एका ठिकाणी दम संपत आल्याचं कळतं.

उडीबद्दल विचाराल तर मलाही ती आवडत नाही. पण तेवढ्या एका निर्णयासाठी बाकीचं सगळं ‘मोडलं’ म्हणणं अन्याय आहे.

कातळ

रेघोट्या, +१. झॅकचे ते बेत ऐकताना दर वेळी गलबलतं.

दिंडीदरवाजा

धागा वाचून इतका वेळ गप्प होतो, पण ‘मोडलं’ हा शब्द मलाही टोचला.

आपल्याकडे कीर्तनात उत्तररंगात आख्यान लागतं. गोष्ट ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. बुवा त्यात संवाद घालतात, प्रसंग फुलवतात, कुणाच्या तोंडी नवंच काही देतात. पोथीत असं नाही म्हणून कुणी उठून जात नाही. हा खेळ १९९७ पासून इतका सांगितला गेलाय की त्याचंही आख्यान झालंय. त्सेंगला प्रसंगात घालून, झॅकला पुढे आणून, सेफिरोथचा शेवट वेगळा करून असाकांनी आपलं आख्यान लावलं. ऐकावं, आवडलं नाही तर पुढचं ऐकावं.

तळघराची किल्ली

दिंडीदरवाजा, तुमचाच दाखला घेतो. बुवा सुदाम्याच्या पुरचुंडीतल्या पोह्यांवर अर्धा तास रंगवतील, द्वारकेच्या पहारेकऱ्यांना वऱ्हाडी बोलायला लावतील. पण सुदाम्याला श्रीमंत करून द्वारकेला पाठवणार नाहीत. तसं केलं तर भेटीला अर्थच उरत नाही, आणि ऐकणारे खरोखर उठून जातील. फुलवणं कुठे संपतं आणि कणा काढणं कुठे सुरू होतं, हे चांगल्या बुवांना कळतं. झॅकची बडबड हे फुलवणं आहे, आणि मी त्याचं मनापासून स्वागत करतो. सेफिरोथची उडी म्हणजे कणा काढणं.

आणि हे काही माझंच मत नाही. २००७ मध्ये याच कंपनीने झॅकवर ‘क्रायसिस कोअर’ हा स्वतंत्र खेळ काढला, हातात धरायच्या पीएसपी यंत्रासाठी. त्यात निबेलहाइमचा अख्खा प्रसंग पुन्हा आहे आणि तिथे सेफिरोथचं पडणं परत क्लाउडच्या हातून होतं. दोन वर्षांत त्यांनी आपलंच दृश्य पूर्ववत केलं. इतकं पुरेसं नाही का?

निळी पणती

पुरेसं नाही. कंपनीने काय अधिकृत मानलं यावर कलाकृतीची किंमत ठरवायची असेल तर मग पुढच्या खेळांचंही मान्य करा. २०२० च्या ‘रीमेक’च्या शेवटी मिडगारबाहेरची झॅकची ती अखेरची लढाईच वेगळी होते आणि तो वाचतो. ते तर झॅकच्या मरणावरच हात टाकणं झालं, उडीपेक्षा कितीतरी मोठा बदल. ते याच कंपनीने, याच नोमुरा-नोजिमा-कितासे मंडळींनी केलं. मग तो कणा नव्हता?

मला स्वतःला तेही चालतं. मूळ खेळ तसाच्या तसा शाबूत आहे, तीन सीडींतला असो की आता फोनवर मिळणारा. कुणी त्यातलं दृश्य खोडायला गेलेलं नाही. नव्याने सांगणाऱ्याला एक प्रश्न विचारायची मोकळीक असावी: सेफिरोथला त्या क्षणी काय हवं होतं? मूळ खेळात या प्रश्नाला जागाच नाही, तो नुसता फेकला जातो. इथे त्याच्याकडे एक निवड येते. आपल्या ‘आई’चं मस्तक हातात घेऊन, माणसांकडे पाठ फिरवून तो ग्रहाच्या आत जातो. त्या माणसाचं जे काही होत होतं ते इथे पुरं झालं, असं मला ते पाहताना वाटलं. त्यात मला अर्थ दिसतो.

घाटमाथा

‘रीमेक’ने बदल केला तेव्हा तो बदल आहे हे ओरडून सांगितलं. नियतीच्या रखवालदारांशी लढून आपण तो बदल घडवतो, ती कथेचीच गोष्ट आहे. ‘लास्ट ऑर्डर’ मात्र ‘असंच घडलं होतं’ या थाटात सांगतो. दोन्ही एका तागडीत घालता येत नाहीत.

पाटाचं पाणी

मी बहुधा इथली एकटी आहे जिने ‘लास्ट ऑर्डर’ आधी पाहिला आणि खेळ नंतर खेळला. घाटमाथा यांनी विचारलं होतं ना, हा कुणासाठी आहे? माझा अनुभव लिहिते.

मला भावाने दाखवला होता. क्लाउड कोण, शिनरा काय, काही माहीत नव्हतं. मला एवढंच कळलं की एक मुलगा आपल्या आजारी मित्राला घेऊन पळतोय आणि मोठी कंपनी त्यांच्या मागे लागली आहे. तेवढ्यावर मी रडले. त्यानंतर भावाच्या मागे लागून संगणकावर खेळ घेतला.

आणि गुपित फुटल्यामुळे माझं नुकसान झालं असं मला वाटत नाही, उलट झालं. काल्मच्या खाणावळीत क्लाउड ‘मी सोल्जर होतो’ म्हणून ऐटीत सांगायला लागला तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. मला माहीत होतं की हे दुसऱ्याचं आयुष्य आहे, आणि तो खोटं बोलतोय हे त्याला स्वतःलाच माहीत नाही. तुम्ही सगळ्यांनी तो भाग विश्वासाने ऐकलात, मी तो काळजीने ऐकला. गोंगागात झॅकचे आईवडील ‘आमच्या मुलाची काही खबर?’ असं विचारतात तेव्हा मला खेळ थांबवावा लागला. तुमच्यापैकी कितीजणांना पहिल्या खेपेला त्या घरात काही वाटलं होतं?

पण मुख्य वादात मी धागाकर्त्याच्या बाजूची आहे. कारण लाइफस्ट्रीमच्या प्रसंगात क्लाउड सेफिरोथला फेकतो हे पाहिलं तेव्हा मला धक्का बसला. मी तोवर धरून चालले होते की हा मुलगा फक्त ओढून नेला जाणारा आहे. ‘लास्ट ऑर्डर’मधून मला झॅक पुरा कळला, क्लाउड कळला नाही. त्याने काय केलं होतं हे मला खेळाने सांगितलं.

रेघोट्या

पाटाचं पाणी, हा प्रतिसाद मनापासून आवडला. त्यातून एक सुचलं. हा चित्रपट मुळात झॅकचा आहे. त्याच्या बाजूने पाहिलं तर रिअॅक्टरमध्ये तो हरून पडल्यावर त्याची गोष्ट थांबते आणि प्रयोगशाळेतून सुटल्यावर परत सुरू होते. मधला कठड्यावरचा प्रसंग त्याचा नाही. असाकांनी तो गाळला असता, दार बंद होताना दाखवलं असतं, तर आज हा वादच झाला नसता आणि चित्रपट अधिक बांधेसूद झाला असता. पण सेफिरोथला शेवटचा झोत द्यायचा मोह आवरला नसावा.

आडगाव

मोह कुणाचा, हा प्रश्न विचारायला हवा. २००५ मध्ये सेफिरोथ म्हणजे काय होतं? ज्या पेटीत हा चित्रपट आला त्या पेटीतल्या मुख्य चित्रपटाचा कळसच सेफिरोथचं परत येणं हा आहे. तोवर मूर्ती, चित्रं, इतर खेळांमधली हजेरी, सगळीकडे तो होता. असा माणूस एका हेल्मेटवाल्या पहारेकऱ्याकडून फेकला गेला हे विकायला अवघड. स्वतःहून गेला म्हटलं की त्याचा रुबाब शाबूत राहतो.

पण १९९७ चा सेफिरोथ भीतीदायक होता तो नेमका तो हरला होता म्हणून! त्याच्या गणतीतही नसलेल्या एका पोराने त्याला खाली ढकललं. पुढे तो सगळ्या जगाला सोडून क्लाउडचाच पिच्छा का पुरवतो, त्याच्या डोक्यात शिरून ‘तू कुणीच नाहीस, तू फक्त बाहुलं आहेस’ असं त्याला का पटवतो? कारण त्याला हरवणारा तोच आहे. उडी मारली असेल तर या वैराला मूळच नाही. म्हणजे नुकसान क्लाउडचंच होत नाही, सेफिरोथचंही होतं. रुबाब वाचवायला गेले आणि त्याच्या मनातली जखमच पुसून बसले.

निळी पणती

आडगाव, हा मुद्दा मला आजवर कुणी असा सांगितला नव्हता. वैराच्या मुळाबद्दल विचार करायला हवा. तरी एक विचारते: उडी घेण्याआधी क्लाउडने त्याला मागून भोसकलेलं असतंच ना? ते ‘लास्ट ऑर्डर’मध्येही आहे. गणतीत नसलेल्या पोराने आपल्याला जायबंदी केलं, हा अपमान वैरासाठी कमी आहे का?

आडगाव

मागून भोसकणं वेगळं. ते कुणालाही जमतं, बेसावध गाठलं की झालं. समोर तलवार आपल्या पोटात असताना तीच धरून समोरच्याला उचलणं, हे सेफिरोथ डोळ्यांनी बघतो. ताकदीचा त्याचा सगळा हिशेब त्या क्षणी चुकतो. पहिली जखम शरीराची, दुसरी अहंकाराची.

दिंडीदरवाजा

धागाकर्त्याने माझाच दाखला माझ्यावर उलटवला, तो मान्य नाही. सुदाम्याची गरिबी कथेच्या पहिल्या ओळीपासून आहे, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आहे. क्लाउडचं फेकणं खेळात शेवटाकडे, मनाच्या आतल्या प्रवासात, एकदाच येतं. ते कणा आहे हे आपण ठरवलं, इतक्या वर्षांच्या प्रेमातून. कदाचित बरोबर ठरवलं. पण २००५ मध्ये मॅडहाउसमध्ये बसलेल्या माणसांना नोमुरा-नोजिमांच्या देखरेखीखाली जे सुचलं ते त्यांनी केलं, त्यात मूळ लेखकांचाच हात होता. बाहेरच्याने येऊन कणा काढला अशी ही गोष्ट नाही.

तळघराची किल्ली

मूळ लेखकांची देखरेख होती, म्हणून तर मी याला नुसतं दुर्लक्ष म्हणत नाही. परक्याने केलं असतं तर सोडून दिलं असतं.

एक मात्र लिहितो. २००९ मध्ये ‘अॅडव्हेंट चिल्ड्रन’ची वाढवलेली आवृत्ती ब्ल्यू-रेवर आली तेव्हा तिच्यासोबत डेन्झेल या मुलावरचा निराळा लघुपट दिला. ‘लास्ट ऑर्डर’ मागेच राहिला. मला ते पटलेलं नाही. दृश्य चुकीचं आहे असं मी म्हणतो, चित्रपट दडवावा असं नाही. रेघोट्या यांनी झॅक-क्लाउडच्या वाटेवरच्या प्रसंगांबद्दल जे लिहिलंय ते लोकांना बघायला मिळायला हवं, स्वच्छ प्रतीत, स्वतंत्र आणि परवडेल अशा किमतीत. आणि सोबत पाटाचं पाणी यांच्यासारखं कुणी असेल तर त्यांनी तो आधी पाहावा की नंतर, यावर मला अजून वाचायला आवडेल. मी आजवर प्रत्येकाला ‘आधी खेळ’ असंच सांगत आलोय.

घाटमाथा

आधी खेळच. पाटाचं पाणी यांचा अनुभव त्यांचा आहे, पण त्यांना भाऊ होता मागे लागायला. बाकीचे पंचवीस मिनिटं बघून ‘कळली गोष्ट’ म्हणून उठतील.

पाटाचं पाणी

घाटमाथा, जे पंचवीस मिनिटांत उठणार आहेत ते तुमचा खेळही काल्मच्या पुढे नेणार नाहीत. गोंगागाच्या घराचं उत्तर मात्र तुम्ही अजून दिलेलं नाही. पहिल्या खेपेला तिथे काही वाटलं होतं का?

घाटमाथा

नाही. पहिल्या खेपेला मी त्या घरात गेलोच नव्हतो. झॅक कोण हे कळल्यावर दुसऱ्यांदा खेळलो तेव्हा गेलो. तरीही माझं मत तेच: दुसऱ्यांदा खेळायला लावतो म्हणूनच तो खेळ मोठा आहे.